बाबासाहेबांनी भिक्खूंना काय लिहिलं

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिलाय ‘बाबासाहेब आणि भिक्खू’. फलकावर तो वाचून मागच्या रांगेतली चार पोरं आत्ताच हसली. मी पाहिलं. त्यांना वाटलं, हा माणूस आता मेणबत्ती, अगरबत्ती, पांढरी साडी आणि खीर यावर तासभर पकवणार. नाही पकवणार. मी फक्त काही पत्रांवर बोलणार आहे. बाबासाहेबांनी भिक्खूंना आणि भिक्खूंच्या माणसांना लिहिलेली पत्रं. मोजकीच आहेत, इंग्रजीत आहेत, छापूनही आलीत. जयंतीला आपण डीजेवर जे उधळतो त्याच्या शंभराव्या हिश्शात ती झेरॉक्स करून वस्तीभर वाटता येतील. पण वाचलीत किती जणांनी?

ही पत्रं आज काढण्याचं कारण आहे. आपल्या चळवळीत एक जुनं भांडण आहे. १९७४ साली पँथर फुटली तेव्हा ते चव्हाट्यावर आलं. कोण मार्क्सवाला आणि कोण बुद्धवाला, यावर आपण एकमेकांची डोकी फोडली. एकाने म्हणायचं, धम्म म्हणजे लढा सोडून डोळे मिटून बसणं. दुसऱ्याने म्हणायचं, लढा म्हणजे शीलाला सोडचिठ्ठी. दोघांनी एक गोष्ट न तपासता गृहीत धरली, की धम्म एका खोलीत राहतो आणि लढा दुसऱ्या खोलीत. बाबासाहेबांची ही पत्रं वाचली तर मधली भिंतच सापडत नाही.

आता आधी एक साधा प्रश्न. राजकीय पुढारी धर्मगुरूला पत्र कशाला लिहितो? आपण रोज बघतो. पुढारी मठात जातो, महाराजांच्या पायावर डोकं ठेवतो, फोटोवाला शेजारी तयारच असतो. महाराज त्याला भक्तांची मतं देतात, तो महाराजांना आश्रमासाठी जमीन देतो. पाप धुतलं जातं, निवडणूकही निघते. हा रोखीचा धंदा आहे. यात जो पत्र लिहितो तो काहीतरी मागतो, आणि जे मागतो ते स्वतःसाठी मागतो. बाबासाहेबांनी काय मागितलं ते बघू.

पण त्याच्याही आधी, त्यांना आलेली पत्रं.

१३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात त्यांनी सांगून टाकलं, की हिंदू म्हणून जन्माला आलो तो माझ्या हातात नव्हता, हिंदू म्हणून मरणार मात्र नाही. आणि तारांचा पाऊस पडला. मुंबईतले मेथॉडिस्ट चर्चचे बिशप बॅडली यांनी स्वागत केलं. मुसलमानांच्या बाजूने गौबांची तार. अमृतसरच्या सुवर्णमंदिराकडून तार. बनारसहून महाबोधी सोसायटीची तार. सगळे पाठिंबा द्यायला उभे. कालपर्यंत ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता त्यांच्यासाठी एकदम चारी दिशांना दारं उघडली. मी त्या सगळ्यांना ढोंगी म्हणणार नाही, त्यात मनापासून लिहिणारे असतील. पण दाराशी उभं राहून आत येणाऱ्यांची डोकी मोजणारा माणूस प्रत्येक दारात होता, हेही खरं.

त्यांच्यात एक भिक्खू होता, लोकनाथ. जन्माने इटालियन, घर कॅथलिक, वाढला अमेरिकेत, रसायनशास्त्र शिकलेला, आणि सगळं सोडून भिक्खू झालेला. हा माणूस १० जून १९३६ला दादरला ‘राजगृहा’वर येऊन बाबासाहेबांना भेटला. परत गेला तो गप्प बसला नाही. सिलोनमधून त्याने आपल्या लोकांसाठी खास पुस्तिका लिहिली, बौद्ध धम्म तुम्हाला मुक्त करील अशा मथळ्याची. एवढा जीव टाकणारा समर्थक समोर असताना बाबासाहेब भुलले का? नाही. घाई केली का? तीही नाही. दीक्षा झाली १९५६ला. मधली वीस वर्षं या माणसाने धर्म तपासला, आणि धर्म सांगणारी माणसंही तपासली. ही दुसरी तपासणी आपण विसरतो. ती या पत्रांत दिसते.

१९५० साल घ्या. बाबासाहेब देशाचे कायदेमंत्री. त्या वर्षी महाबोधी सोसायटीच्या मासिकात त्यांचा लेख आला, बुद्ध आणि त्याच्या धर्माचं भवितव्य यावर. त्यात त्यांनी भिक्खूंना सरळ अंगावर घेतलं. बुद्धाने भिक्खू कशासाठी घडवला, असा त्यांचा प्रश्न. परिपूर्ण माणूस म्हणून, की समाजाचा सेवक म्हणून? परिपूर्ण माणूस म्हणून घडवला असेल तर तो स्वतःपुरता परिपूर्ण राहील आणि धम्माच्या प्रसाराला त्याचा काडीचा उपयोग नाही. समाजसेवक म्हणून घडवला असेल तर मात्र आशा आहे. हे त्यांनी छापलं कुठे? भिक्खूंच्याच संस्थेच्या मासिकात. ज्याच्या ओसरीवर बसायचं त्यालाच ऐकवायचं, ही त्यांची जुनी रीत.

तो लेख कलिंपोंगला एका भिक्खूने वाचला. संघरक्षित त्याचं नाव. मूळचा लंडनचा, डेनिस लिंगवुड. महायुद्धात पलटणीतून हिंदुस्थानात आला आणि इथलाच झाला. १९४९ला कुशिनगरला चीवर घेतलं. वय किती? लेख वाचला तेव्हा पंचविशीच्या आसपास. तुमच्याएवढं. कलिंपोंगच्या डोंगरात त्याने नुकतीच बौद्ध तरुणांची एक मंडळी उभी केली होती, आणि ‘स्टेपिंग स्टोन्स’ नावाचं एक छोटं मासिक काढलं होतं. म्हणजे हिशेबाने ते लिटल मॅगझिनच. पैसे नसताना काढलेलं. या पोराने देशाच्या कायदेमंत्र्याला पत्र टाकलं, लेख आवडला, आम्ही इथे असं असं काम सुरू केलंय.

बाबासाहेबांचं उत्तर आलं. लक्षात घ्या, घटना अमलात येऊन वर्ष व्हायचं होतं, हिंदू कोड बिलावरून सनातनी खवळलेले होते, तब्येत खालावलेली. त्या धबडग्यात पंचविशीच्या एका अनोळखी भिक्खूला उत्तर. आणि उत्तरात काय? शाब्बास बेटा, आशीर्वाद दे, असलं काही नाही. त्यांनी लिहिलं, की बौद्ध धम्म पुन्हा उभा करण्याचा हा प्रयत्न यशस्वी व्हायचा असेल तर मोठी जबाबदारी भिक्खूंवर आहे. आजवर होते त्याहून त्यांनी जास्त धडपड केली पाहिजे. आपल्या कवचातून बाहेर पडलं पाहिजे आणि लढणाऱ्या फौजांच्या पहिल्या रांगेत उभं राहिलं पाहिजे.

पहिली रांग. लढणारी फौज. हे शब्द कुणाला लिहिलेत? ज्याने हातात शस्त्र घ्यायचं नाही, ज्याने रागही धरायचा नाही असं व्रत घेतलंय त्याला. आता मला सांगा, धम्म म्हणजे पळपुटेपणा असं म्हणणाऱ्यांनी हे पत्र कुठल्या खिशात घालायचं? आणि धम्म म्हणजे फक्त शांती, शांती म्हणत वस्तीतल्या मारझोडीकडे पाठ फिरवणाऱ्यांनीही ते कुठे लपवायचं? बाबासाहेबांना भिक्खू हवा होता, पण तो मागे बसून मंत्र म्हणणारा नको होता. फौजेत मागे बसणारे नेहमीच पुष्कळ असतात.

या पत्राचा नमुना दुसऱ्याही अर्थाने बघण्यासारखा आहे. खाजगी पत्रात माणूस जरा सैल सोडतो. बडा माणूस लहानाला लिहितो तेव्हा तर जास्तच. पाठीवर हात फिरवतो, चार गोड शब्द टाकतो, विसरून जातो. इथे पाठिंबा देणाऱ्याला सरळ काम सांगितलंय. तुझा पाठिंबा पोचला, आता उभा कुठे राहणार ते सांग, असा त्याचा रोख.

दोघांची प्रत्यक्ष भेट झाली १९५२च्या डिसेंबरात, राजगृहावरच. संघरक्षितांना वाटलं असेल पत्रओळख आहे, स्वागत होईल. बाबासाहेब दुसऱ्या लोकांशी बोलत होते, मग वळले आणि चेहरा कडक ठेवून पहिलाच प्रश्न टाकला, की तुमच्या महाबोधी सोसायटीचा अध्यक्ष बंगाली ब्राह्मण कसा? अध्यक्ष होते श्यामाप्रसाद मुखर्जी. हिंदू महासभेचे एके काळचे अध्यक्ष, आणि १९५१ला जनसंघ काढणारे. बुद्धाच्या अस्थींचं राखण यांच्याकडे! संघरक्षितांनी सांगितलं, की ती सोसायटी माझी नाही, मी तिचा सभासद नाही, आणि हे मलाही पटत नाही. मग बोलणं पुढे सरकलं. ही हकिकत त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलीय, काहीही न लपवता.

मला हा प्रश्न फार आवडतो. तू आमच्या बाजूचा आहेस, ठीक. पण तुझ्या घरात खुर्चीवर कोण बसलाय? आपल्या सभेला येऊन गळा काढणारे जे पुरोगामी असतात ना, त्यांना कधीतरी हा प्रश्न विचारून बघा. चहा थंड होतो.

१९५५च्या अखेरीस पुन्हा भेट झाली, या वेळी सिद्धार्थ कॉलेजात. तेव्हा बाबासाहेबांचा निर्णय पक्का झालेला होता. त्यांनी विचारलं, की बौद्ध व्हायचं तर नेमकं काय करावं लागतं? ज्याने आयुष्यभर पाली ग्रंथ उपसले तो माणूस तिशीतल्या भिक्खूला हे विचारतो! त्याने सांगितलं, त्रिसरण आणि पंचशील, आणि ते नुसतं तोंडाने म्हणून भागत नाही, आयुष्यात उतरवावं लागतं. मग बाबासाहेब म्हणाले, तुम्ही आम्हाला दीक्षा द्याल का?

इथे संघरक्षितांना माझा सलाम आहे. लाखो माणसांना दीक्षा देणारा म्हणून नाव इतिहासात कायमचं कोरलं गेलं असतं. त्यांनी सांगितलं, की दीक्षा कोणताही भिक्खू देऊ शकतो, मीही देईन. पण भारतातल्या सर्वात ज्येष्ठ भिक्खूकडून ती झाली तर बौद्ध जग तिची जास्त दखल घेईल. ते ज्येष्ठ भिक्खू म्हणजे कुशिनगरचे चंद्रमणी. त्यांच्याकडूनच संघरक्षितांनी चीवर घेतलं होतं. बाबासाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे सगळं मला पत्रात लिहून पाठवा. वकील माणूस! तोंडी गोष्टीवर भिस्त ठेवणार नाही. धर्मांतरासारखी गोष्ट, तीही कागदावर पाहिजे. (संघरक्षितांच्या पुढच्या आयुष्यातल्या वागणुकीवर इंग्लंडात गंभीर आक्षेप आले आणि २०१६ला त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली, हेही सांगून ठेवतो. आपल्याला देव बनवायचे नाहीत. १९५५ला ते जे बोलले ते बरोबर बोलले.)

आणि मग ते पत्र. २४ सप्टेंबर १९५६. चंद्रमणी महास्थविरांना, कुशिनगरला.

हे पत्र अगदी वेगळ्या सुरातलं आहे. चंद्रमणी ब्रह्मदेशातले, आराकानचे. तरुणपणी इकडे आले आणि कुशिनगरच्या उजाड जागेत आयुष्य काढलं. तेव्हा वय ऐंशी. बाबासाहेब त्यांना लिहितात, की दीक्षाविधी तुमच्या हातून व्हावा अशी आमची फार इच्छा आहे. भारतातले सर्वात वडील भिक्खू तुम्ही, म्हणून तेच योग्य. पण वयोमानाने तुम्हाला प्रवास जड जाईल हे आम्हाला कळतं. विमान म्हणा, रेल्वे म्हणा, सोय आम्ही करू. न्यायला माणूस पाठवू. येता का तेवढं कळवा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला लग्नाचं आवतण द्यायला जावं ना, तसं आहे हे. सगळी अडचण आपणच आधी बोलून टाकायची, म्हणजे त्याला नाही म्हणायला जागा राहत नाही. १९५०च्या पत्रात तरुण भिक्खूला फटकारलं होतं, इथे म्हाताऱ्या भिक्खूच्या गुडघ्यांची काळजी. आणि लिहिणारा स्वतः कसा होता? मधुमेहाने पोखरलेला, पायांत ताकद नाही, आधाराशिवाय चालता येत नाही. दुखणं दोघांनाही होतं. न्यायला माणूस फक्त एकाला पाठवायचा होता.

चंद्रमणी आले. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. बाबासाहेब आणि माईसाहेब पांढऱ्या वस्त्रांत. चंद्रमणींनी पालीतून त्रिसरण-पंचशील दिलं, दोघांनी म्हटलं, बुद्धमूर्तीला वंदन केलं. इथपर्यंत कुठल्याही बौद्ध देशात होतं तसं झालं. पुढे जे झालं ते कुठे झालं नव्हतं.

परंपरा अशी, की सरण-शील भिक्खूने द्यायचं आणि उपासकाने घ्यायचं. बाबासाहेब उठले, समोरच्या लाखो माणसांना उभं केलं, आणि स्वतः त्रिसरण-पंचशील दिलं. वर स्वतः लिहिलेल्या बावीस प्रतिज्ञा. पाच मिनिटांपूर्वी बौद्ध झालेला माणूस, अंगावर चीवर नाही, आणि अख्ख्या जनसमुदायाला दीक्षा देतो! भिक्खू शेजारी बसलेले. बाहेरच्या बौद्ध जगातल्या काही जुन्या लोकांना ते चमत्कारिक वाटलं असेल तर नवल नाही.

आता हे आणि ते पत्र शेजारी शेजारी ठेवा. चंद्रमणींना एवढ्या आदराने बोलावलं, त्यांच्यापुढे हात जोडले, आणि लोकांच्या दीक्षेचा अधिकार मात्र त्यांच्याकडे ठेवला नाही. दुटप्पीपणा आहे का हा? मला तसं वाटत नाही. आपल्या आज्या-पणज्यांचं बघा. जन्मापासून मयतापर्यंत भटाचा मुहूर्त, आणि तो भट आपल्या दारात येणार नाही, लांबूनच दक्षिणा फेकायला सांगणार. बावीस प्रतिज्ञांत एक अशीच आहे, की कुठलंही क्रियाकर्म ब्राह्मणाच्या हातून करवून घेणार नाही. पुरोहिताचं ते दार बंद करायचं आणि त्याच भिंतीत भगव्या-पिवळ्या कपड्यांचं दुसरं दार पाडायचं, असं ते कसे करतील? भिक्खूकडून त्यांनी धम्माची जुनी साखळी घेतली, की हा धम्म आम्ही मनाने रचला नाही, बुद्धापासून हातोहात आलाय. ती एकदा हातात आल्यावर माणसामाणसाच्या मधे कुणी उभं राहायची गरज नव्हती. म्हणून आज आपल्या लग्नात कुणीही शहाणासुरता माणूस बुद्धवंदना म्हणतो आणि लग्न लागतं. काही बौद्धाचार्यांनी पुढे भटजीचाच तोरा उचलला, पाकिटाचं वजन बघून गाथा लांबवू लागले, हा भाग वेगळा. त्यांना या पत्राची झेरॉक्स आधी द्या.

दीक्षेनंतर सोळा दिवसांनी, ३० ऑक्टोबर १९५६ला, बाबासाहेबांनी महाबोधी सोसायटीचे सरचिटणीस देवप्रिय वलिसिंह यांना लिहिलं. हे सिंहली गृहस्थ, भिक्खू नव्हेत, पण भिक्खूंचा सगळा कारभार त्यांच्या हातून चालायचा. दुसरा कुणी असता तर विजयाचं पत्र लिहिलं असतं. चार-पाच लाख माणसं एका दिवसात! बाबासाहेब म्हणतात, सोहळा मोठा झाला, पण आता या जनतेला धम्म शिकवायचा कसा याचा विचार करायला हवा. संघाला आपली दृष्टी बदलावी लागेल. एकांतात बसणारे संन्यासी होण्याऐवजी भिक्खूंनी ख्रिस्ती मिशनऱ्यांसारखं समाजसेवक आणि समाजात हिंडणारे प्रचारक व्हायला हवं.

पाद्र्याचा दाखला त्यांनी उगाच दिला नाही. नगर जिल्ह्यात जाऊन बघा. अमेरिकन मराठी मिशनचा पाद्री महारवाड्यात आला, शाळा काढली, दवाखाना काढला. त्याचा धर्म बाबासाहेबांनी घेतला नाही, पण त्याच्या पायातली धूळ मात्र त्यांनी मोजली होती. भिक्खूच्या पायाला तेवढी धूळ लागावी एवढंच त्यांचं मागणं. सहा वर्षांपूर्वी कलिंपोंगच्या पोराला लिहिलेलं तेच मागणं, पण आता मागे लाखो माणसं उभी होती आणि हातात वेळ नव्हता.

नोव्हेंबर १९५६ला संघरक्षित दिल्लीला अलीपूर रोडवर त्यांना भेटले. बाबासाहेब टेबलावर डोकं टेकून बसलेले. बोलणं जवळजवळ कुजबुजीतलं. भेटायला आलेले उठू लागले की त्यांना उठू देत नव्हते. आपल्या माणसांचं पुढे काय होणार, ही काळजी बोलत राहिले.

६ डिसेंबरला संघरक्षित रेल्वेने नागपुरात उतरले आणि तासाभरात ती बातमी आली. लोक रस्त्यावर आलेले, कुणी कुणाला सावरायचं कळेना. संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर सभा. पुढारी उभे राहायचे आणि दोन शब्द बोलून रडत खाली बसायचे. त्या लाखभराच्या गर्दीत रिक्षेच्या बैठकीवर उभा राहून हा परदेशी भिक्खू बोलला, की बाबासाहेब गेले तरी त्यांचं काम तुमच्यात आहे. मग काही दिवस तो नागपुरातच मोहल्ल्यामोहल्ल्यांतून बोलत हिंडला. १९५०च्या पत्राचं उत्तर त्याने असं दिलं.

इकडे मुंबईत १६ डिसेंबरला बाबासाहेब दीक्षा देणार होते. तारीख ठरलेली, लोक तयारीला लागलेले. ७ तारखेला दादर चौपाटीवर चिता रचली गेली. दादासाहेब गायकवाड पुढे झाले, म्हणाले बाबासाहेबांची ती इच्छा आता इथेच पुरी करू. आणि भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिथे, चितेजवळ, लाखभर माणसांना त्रिसरण-पंचशील दिलं. रडता रडता माणसं बौद्ध झाली. याच कौसल्यायनांनी पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हिंदीत आणला, आणि शेवटी ते नागपुरात येऊन राहिले, १९८८ला तिथेच वारले.

माझं बोलणं एवढंच. पत्रांच्या झेरॉक्स मागच्या टेबलावर ठेवल्यात, इंग्रजी अडलं तर शेजारच्याला विचारा. मघाशी जे चौघे हसले त्यांनी पहिली प्रत घ्यावी. वाचा, मग चहा झाल्यावर भांडू.

जयभीम.